पडद्यावरचा टेक्नो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच चित्रपट पाहायचा असेल तर कोणता?

'बर्लिन कॉलिंग' (2008). दिग्दर्शक हानेस श्टोअर. इकारुस या नावानं वाजवणाऱ्या डीजेची भूमिका पाउल काल्कब्रेनरनं केली आहे. तो स्वतः टेक्नो हे यंत्रांच्या ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत बनवतो आणि चित्रपटाचं संगीतही त्याचंच. दौऱ्यांमागून दौरे, एक वाईट गोळी, मनोरुग्णालय आणि अर्धवट राहिलेला अल्बम, एवढीच गोष्ट. कथेत फार नवं नाही. व्यसनात बुडालेला कलावंत सिनेमानं शंभरदा दाखवला आहे. इथे पाहायचं ते काम. हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेला माणूस एकच तुकडा ऐकतो, किंचित बदलतो, परत ऐकतो. संगीत बनवणाऱ्याचा बहुतेक वेळ असाच जातो, आणि तो पडद्यावर दाखवताना प्रेक्षकाला जांभई येऊ न देणं सोपं नाही. एखाद्या नटाला आठवडाभर मिक्सर शिकवून हे साधलं नसतं.

धडधडणारं इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे टेक्नोच ना?

नाही. टेक्नो 1980च्या दशकात डेट्रॉइटमध्ये घडला. जवळच्या बेलव्हिल गावात एकत्र शिकलेले तीन कृष्णवर्णीय तरुण, हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, ही त्यातली ठळक नावं. अॅटकिन्सनं 1985 साली 'मॉडेल 500' या नावानं 'नो यूएफओज' काढलं, 1987मध्ये मेचं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' आलं, आणि 1988मध्ये ब्रिटनमधून निघालेल्या एका संकलनाच्या शीर्षकातून 'टेक्नो' हे नाव जगभर गेलं. हाउस संगीत त्याच्या शेजारचं, शिकागोचं. हाउसमध्ये गळा, पियानो, डिस्कोचा ओलावा जास्त. टेक्नोत यंत्राला यंत्रासारखं वाजू दिलेलं असतं. साधारण 125 ते 140 बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके), चार मात्रांचा सरळ ठेका, आणि गाण्यासारखा मुखडा-अंतरा नाही. थर हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात.

हा शेवटचा मुद्दा चित्रपटासाठी फार महत्त्वाचा आहे. सिनेमाला गोष्ट पुढे न्यायची असते, टेक्नोला जागेवरच खोल जायचं असतं. या ओढाताणीतून दिग्दर्शकानं काय वाट काढली, यावरच बहुतेक चित्रपट तरतात किंवा बुडतात.

मग टेक्नोचा शिक्का चुकून बसलेले चित्रपट कोणते?

बरेच आहेत, पण त्यांना नाकारण्याचं कारण नाही. मिया हान्सन-लव्ह यांचा 'ईडन' (2014) पॅरिसमधल्या हाउसचा आणि त्याच्याच गराज या गाण्याकडे झुकणाऱ्या प्रकाराचा आहे. पटकथा त्यांनी भाऊ स्वेनबरोबर लिहिली, आणि तो स्वतः डीजे होता. वीसेक वर्षांचा काळ, यश हुकलेला नायक, साचत गेलेलं कर्ज. यशस्वी डीजेपेक्षा अयशस्वी डीजेवर चित्रपट काढणं हेच मुळात शहाणपणाचं. 'ह्यूमन ट्रॅफिक' (1999) म्हणजे कार्डिफमधल्या पाच मित्रांचा शनिवार-रविवार. त्यात आठवडाभराच्या नोकरीचा वैताग संगीताइतकाच महत्त्वाचा आहे. 'ग्रूव्ह' (2000) सॅन फ्रान्सिस्कोच्या रिकाम्या गोदामातली एक रात्र दाखवतो. वाजतं ते मुख्यतः हाउस आणि त्याचाच प्रोग्रेसिव्ह हा प्रकार, पण पार्टी उभारण्याची खटपट इतक्या तपशिलात क्वचित दिसते : जागा शोधणं, निरोप पसरवणं, विजेची सोय, पोलीस आल्यावरची सारवासारव.

चित्रपटाला टेक्नो कळला आहे की नाही, हे पटकन कसं ओळखावं?

पहिलं क्लबदृश्य लागलं की घड्याळ लावा. एकच ट्रॅक दीड-दोन मिनिटं सलग ऐकू येतो का? वीस सेकंदांत संवाद सुरू होऊन ठेका मागे ढकलला गेला, तर दिग्दर्शकाला क्लब फक्त पार्श्वभूमी म्हणून हवा होता.

मग कॅमेरा कुठे पाहतो ते बघा. सगळी गर्दी हात वर करून डीजेकडे तोंड करून उभी असेल, तर तो मोठ्या मैफलीचा सिनेमा आहे. टेक्नोच्या चांगल्या रात्री माणसं एकमेकांकडे, भिंतीकडे, मिटल्या डोळ्यांनी आत पाहत नाचतात. डीजे कोपऱ्यात असतो, कधी दिसतही नाही.

तिसरी खूण सकाळ. रात्र संपल्यावरचा उजेड, कानातली शिट्टी, रिकाम्या गाडीतली परतीची वाट, सोमवारची नोकरी. सकाळ टाळणारे चित्रपट बहुधा जाहिरातीसारखे दिसतात.

सगळ्याच चित्रपटांत अमली पदार्थ का?

पटकथालेखकाला संघर्ष हवा असतो आणि हा सर्वांत स्वस्तात मिळतो. पदार्थ या संस्कृतीत होते आणि आहेत, ते लपवणं खोटं ठरेल. पण माणूस नाचायला का जातो याचं उत्तर गोळीपाशीच संपवणारा चित्रपट आळशी.

डेट्रॉइट समजून घ्यायचं तर काय पाहू?

आधी 'युनिव्हर्सल टेक्नो' (1996), डोमिनिक देल्यूझ यांचा तासाभराचा माहितीपट. त्यात डेरिक मे मिशिगन थिएटरमध्ये उभा राहतो. 1926 साली बांधलेलं हे भव्य नाट्यगृह पुढे गाड्यांचा वाहनतळ झालं. कोरीव छत तसंच, खाली गाड्यांच्या रांगा. हेन्री फोर्डनं 1896मध्ये आपली पहिली गाडी बनवली ती कार्यशाळा याच जागेवर होती. मोटारींनी उभं केलेलं शहर, त्यातलं नाट्यगृह मोटारींनीच गिळलेलं, आणि त्या शहरातल्या मुलांनी यंत्राला गायला लावलेलं. निवेदन जे तासभर सांगत बसलं असतं ते या एका जागेत दिसतं.

त्यानंतर गॅरी ब्रेडो यांचा 'हाय टेक सोल' (2006) घ्या. मुलाखतींवर उभा आहे, दिसायला साधा, पण कोण कोणाला कधी भेटलं याचा धागा नीट लागतो. क्रिस्टियन हिल यांचा 'गॉड सेड गिव्ह देम ड्रम मशीन्स' 2022मध्ये ट्रायबेका महोत्सवात प्रथम दाखवला गेला. तो बेलव्हिलच्या तिघांवर थांबत नाही; एडी फोक्स, ब्लेक बॅक्स्टर, सँटोनियो एकोल्स यांनाही पुढे आणतो, आणि कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत युरोपात गोऱ्यांचा धंदा कसं झालं हा अवघड प्रश्न विचारतो.

वेगळ्या वाटेनं जायचं असेल तर जॉन अकोम्फ्रा यांचा 'द लास्ट एंजल ऑफ हिस्टरी' (1996) आहे. पाऊण तासाचा हा चित्रनिबंध टेक्नोला विज्ञानकथा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या भविष्यकल्पनेशी जोडतो. पहिल्यांदा पाहताना अर्धं डोक्यावरून जातं. दुसऱ्यांदा पाहावा.

आणि बर्लिन?

भिंत पडल्यावर शहराच्या पूर्व भागात मालक नसलेल्या इमारती रिकाम्या पडल्या, आणि तळघरांत, वीजघरांत क्लब उघडले. 'ट्रेझर' 1991मध्ये वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तिजोरीखोलीत सुरू झाला. लोखंडी गज, गंजलेले लॉकर, बुटकं छत, भिंतींवर पाझरणारा घाम. त्याच वर्षी त्यांच्या लेबलची, म्हणजे संगीत कंपनीची, पहिली तबकडी आली ती डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाची. दोन शहरांचं नातं सांगायला एवढं पुरे. 2005मध्ये ती जागा सुटली आणि 2007मध्ये क्लब क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्रात पुन्हा उघडला. ही सगळी कहाणी 'सबबर्लिन' या माहितीपटात आहे.

जर्मनीतल्या सुरुवातीच्या वर्षांसाठी मारेन सेक्स्ट्रो आणि होल्गर विक यांचा 'वी कॉल इट टेक्नो!' (2008) पाहा. त्याच्याही आधीचं पश्चिम बर्लिन 'बी-मूव्ही' (2015) मध्ये सापडतं. 1979 ते 1989चा हा पट पंकपासून निघतो आणि पहिल्या लव्ह परेडपर्यंत येतो. जुलै 1989मधल्या त्या मिरवणुकीत दीडशेच्या आसपास माणसं होती, हे लक्षात ठेवून नंतरच्या वर्षांतली लाखोंची गर्दी पाहावी.

संथ चालीची तयारी असेल तर रोमुआल्ड कार्माकार. 'डेंक इश आन डॉइचलांड इन डेर नाख्ट' (2017) मध्ये रिकार्डो व्हिलालोबोस, सोन्या मूनियर, रोमन फ्ल्यूगेल, आटा आणि मूव्ह डी हे डीजे आहेत. लांबच लांब शॉट, घाईचा कट नाही. नेहमीच्या माहितीपटांची सवय असलेल्यांची चुळबुळ सुरू होते. पण टेक्नोच्या वेळेशी प्रामाणिक राहणारा दिग्दर्शक म्हणून आम्ही त्यांनाच सर्वांत वर ठेवतो.

बर्लिनच्या बर्गहाइन क्लबच्या आत चित्रित केलेला चित्रपट का मिळत नाही?

आत छायाचित्रणाला मनाई आहे. दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. म्हणून बर्लिनच्या कथापटांतले क्लब बहुधा दुसरीकडे चित्रित केलेले किंवा उभारलेले असतात. दारापर्यंत जायचं असेल तर 'बर्लिन बाउन्सर' (2019) आहे : तीन द्वारपाल, त्यांतला एक बर्गहाइनचा स्वेन मार्क्वार्ट.

'बीट्स' (2019) मधली कायद्याची भानगड नीटशी कळली नाही.

ती कळल्याशिवाय चित्रपट अर्धाच पोचतो. मे 1992मध्ये इंग्लंडमधल्या कॅसलमॉर्टन कॉमन या गायरानात हजारोंचा जमाव आठवडाभर नाचत राहिला. त्यानंतरच्या आरडाओरड्यातून 1994चा फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायदा आला. त्यातलं 63वं कलम तेव्हा उघड्यावर, रात्री, ध्वनिवर्धकावर संगीत वाजणाऱ्या 100 किंवा अधिक लोकांच्या जमावाबद्दल होतं (2003मध्ये हा आकडा 20वर आणला गेला). पोलिसांना तो जमाव हटवण्याचा अधिकार मिळाला. संगीत म्हणजे काय हे सांगताना कायद्यानं लिहिलं की, सर्वस्वी किंवा प्रामुख्यानं एकापाठोपाठ येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचे ध्वनीही त्यात धरावेत. ठेक्याची अशी व्याख्या कायद्याच्या पुस्तकात बसवलेली पाहून संगीतकारांना हसावं की रडावं कळेना. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीनं त्याच वर्षी 'अँटी' ही तबकडी काढली. त्यातल्या 'फ्लटर'मध्ये कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात येत नाहीत. वर सल्ला असा की, वाजवताना वकील आणि संगीतशास्त्रज्ञ हाताशी ठेवा.

'बीट्स' त्या उन्हाळ्यातला, स्कॉटलंडमधला. कीरन हर्ली यांच्या नाटकावरून ब्रायन वेल्श यांनी केलेला. जॉनो आणि स्पॅनर हे दोघे मित्र. एकाचं कुटुंब वर सरकतंय, दुसऱ्याला मागे सोडून. चित्रपट कृष्णधवल आहे आणि रंग दिसतो तो फक्त रेव्ह पार्टीत, ठेका अंगात भिनल्यावर. युक्ती सोपी आहे, पण तिच्यासाठी तासभर वाट पाहायला लावण्याचं धाडस सोपं नव्हे. म्हणून पुढे ढकलून थेट त्या दृश्यावर जाऊ नका.

'सिरात' (2025) हा खरंच रेव्हचा चित्रपट आहे का?

सुरुवात रेव्हचीच. मोरोक्कोच्या वाळवंटात माणसं स्पीकरचे खोके एकावर एक रचतात आणि डोंगरकड्यासमोर एक काळी भिंत उभी राहते. त्या गर्दीत एक बाप, लहान मुलाला घेऊन, हरवलेल्या मुलीला शोधत आलेला असतो. भूमिका सर्जी लोपेझ यांची. त्याच्या भोवतालचे बरेचसे लोक अभिनेते नव्हेत, त्याच जगातले. दिग्दर्शक ओलिव्हर लाशे, संगीत कांगडिंग रे, चित्रीकरण 16 मिमी फिल्मवर. कान महोत्सवात त्याला परीक्षक पारितोषिक विभागून मिळालं.

पुढचं सांगत नाही. इतकंच, की मध्यानंतर तो फार निर्दय होतो. हलका प्रवासपट समजून लहान मुलांबरोबर बसू नका. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावरच पाहा. त्यातला खालचा नाद घरातल्या टीव्हीत अक्षरशः उरत नाही.

मनाई असलेल्या ठिकाणचा टेक्नो कुठे पाहायला मिळेल?

सुझाने रेगिना मॉयरेस यांचा 'रेव्हिंग इराण' (2016). तेहरानमधले अनुश आणि अराश हे दोन डीजे. बराचसा भाग लपवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेला आहे, त्यामुळे चौकटी वाकड्या, चेहरे धूसर. वाळवंटातली चोरटी पार्टी, सीडीला परवानगी मागायला सरकारी कचेरीत मारलेल्या खेपा, मग झ्युरिकहून आलेलं आमंत्रण. संगीत खरं तर डीप हाउस आहे. पण सगळं पणाला लावून नाचणं म्हणजे काय, हे इथे ज्या नेमकेपणानं दिसतं ते कथापटांत दिसत नाही.

'व्हिक्टोरिया' (2015) खरंच एका टेकमध्ये चित्रित झाला?

हो. कट नाही, लपवलेला जोडही नाही. सुमारे 138 मिनिटं. पटकथा 12 पानांची होती, संवाद मुख्यतः नटांनीच जागेवर रचले. पूर्ण लांबीचे तीन प्रयत्न झाले आणि तिसरा वापरला. कॅमेरा सांभाळणाऱ्या स्टुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन यांना बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं.

क्लब फक्त सुरुवातीला येतो, मग गोष्ट दरोड्याकडे वळते. तरीही हा टेक्नोचा चित्रपट आहे असं आमचं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण वेळ. क्लबातून पहाटे बाहेर पडल्यावर अनोळखी माणसांबरोबर भटकताना वेळ जसा पसरतो, तसाच तो इथे पसरतो. कट असता तर तो पसरलाच नसता.

'रन लोला रन' (1998) ला टेक्नो चित्रपट म्हणावं का?

त्यात क्लबच नाही, तरी म्हणावं. टॉम टिक्वर यांनी जॉनी क्लिमेक आणि राइनहोल्ड हाइल यांच्यासह संगीत केलं आणि चित्रपट त्याच्या नाडीवर बांधला. 20 मिनिटांत 1,00,000 मार्क मिळवायचे. ही धाव तीनदा होते, दर वेळी किंचित फरकानं. एक तुकडा, तीन आवर्तनं, प्रत्येकात एखादा आवाज सरकवलेला. ट्रॅक असाच तर बनतो. एकूण लांबी 81 मिनिटं.

पडद्यावरचा डीजे खोटा आहे हे कसं कळतं?

हातांवरून. खरा डीजे वाजणारी तबकडी सोडून पुढच्या तबकडीवर काम करत असतो. एक कान हेडफोनमध्ये, एक बाहेर. पिच-फेडर (गती कमी-जास्त करायची सरकपट्टी) केसभर सरकवणं, तबकडीच्या कडेला बोटानं हलकासा रेटा देणं. खोटा डीजे बटणं जोरजोरात फिरवतो आणि आवाजात काहीच बदलत नाही. आणखी एक नेहमीची गफलत : दोन ट्रॅक एकत्र वाजताना ऐकू येतात, पण चित्रात एकच टर्नटेबल फिरत असतं.

काळाच्या चुका यंत्रांवरून पकडता येतात. 1990च्या दशकातल्या गोष्टीत टेक्निक्स एसएल-1200 एमके2 हे टर्नटेबल हवं. ते 1979पासून आहे. पायोनियरचा सीडीजे-1000 हा डीजेंचा सीडी-प्लेअर आला 2001मध्ये, म्हणजे 1994च्या रेव्हमध्ये तो दिसला तर कलादिग्दर्शकाची डुलकी. 1200च्या पिचची मर्यादा अधिक-उणे 8 टक्के. 130 बीपीएमची तबकडी त्यावर साधारण 120 ते 140 एवढीच हलू शकते. नायक 110च्या तबकडीला 140वर नेऊन मिसळताना दाखवला असेल तर तो चमत्कार समजावा.

इतक्या गोंगाटात नटांचे संवाद स्वच्छ कसे ऐकू येतात?

संवादाच्या वेळी संगीत बंदच असतं. दुरून घेतलेल्या शॉटला गाणं मोठ्यानं वाजवतात. जवळचा संवाद आला की बंद, आणि शंभर माणसं शांततेत नाचत राहतात. लय सुटू नये म्हणून 30 ते 40 हर्ट्झचा नुसता धम-धम चालू ठेवतात. मानवी आवाज त्याच्या वर असल्यानं साधारण 80 हर्ट्झखालचं कापून टाकलं की ध्वनिमुद्रण साफ. बुटांचा आवाज मात्र गाळून निघत नाही, म्हणून नाचणाऱ्यांना मऊ तळव्यांचे बूट घालायला लावतात किंवा चौकटीबाहेर गालिचा अंथरतात.

बिघडतं ते नटांमुळे. शांत जागेत ते नकळत दिवाणखान्यातल्या सुरात बोलतात आणि नंतर ठेका चढवला की दृश्य खोटं पडतं. उपाय एकच : टेकच्या आधी संगीत पूर्ण आवाजात वाजवायचं आणि त्याच पट्टीत ओरडून बोलायला लावायचं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या पाहिजेत.

ठेक्यावर कट करताना जुळत का नाही? (संकलन करणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो.)

गणित आहे. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रात 120 बीपीएमला प्रत्येक ठोक्याला बरोबर 12 फ्रेम येतात. 25 फ्रेमच्या चित्रात हीच 12 फ्रेमची जुळणी 125 बीपीएमला होते. पण 24 फ्रेम आणि 128 बीपीएम असेल तर ठोका 11.25 फ्रेमवर पडतो. प्रत्येक ठोक्यावर कट मारला तर चित्र पाव-पाव फ्रेम पुढेमागे होतं. चार ठोक्यांनंतर मात्र बरोबर 45 फ्रेम होतात. म्हणून अशा वेळी ठोक्यावर नको, आवर्तनाच्या समेवर कट करा.

प्रकल्प सेकंदाला 23.976 फ्रेमवर असेल तर 120चं साधं गणितही फसतं : 12-12 फ्रेम मोजत गेलात की सुमारे 42 सेकंदांत एक फ्रेम सरकते. मोजू नका, ध्वनिलहरीचं टोक पाहून कट लावा. आणि प्रत्येक समेवरही कट नको. डोळ्याला नमुना कळला की तो पुढचा कट आधीच ओळखतो, मग टेक्नोऐवजी जाहिरात दिसू लागते.

स्ट्रोबच्या (भराभर चमकणाऱ्या दिव्याच्या) दृश्यात आडवे पट्टे का दिसतात?

बहुतेक डिजिटल कॅमेरे चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतात. चमक त्या वाचनापेक्षा कमी वेळ टिकली की अर्धी चौकट उजळते, अर्धी काळी राहते. ग्लोबल शटरचा (सगळी चौकट एकदम टिपणारा) कॅमेरा वापरला की पट्टे जातात. चमक विखुरलेली, कधी गायबच होते असं वाटत असेल तर कारण दुसरं : 180 अंशाच्या शटरला प्रत्येक फ्रेमचा निम्मा वेळ बंद असतो आणि त्या निम्म्यात पडलेली चमक नोंदलीच जात नाही. स्ट्रोब कॅमेऱ्याशी जोडून सेकंदाला 6, 8 किंवा 12 चमकांवर ठेवा, म्हणजे 24ला नि:शेष भाग जातो.

स्ट्रोबमुळे झटका येण्याचा धोका असेल तर काय करावं?

सेकंदाला 3 ते 30 या दरम्यानच्या चमका प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्रासदायक ठरू शकतात. 'व्हिक्टोरिया'ची सुरुवातच स्ट्रोबनं होते, हे आधी माहीत असू द्या. खोलीत दिवा चालू ठेवा, पडद्यापासून लांब बसा. अचानक चमका सुरू झाल्या तर तळहातानं एक डोळा पूर्ण झाका आणि नजर वळवा. नुसते डोळे मिटून उपयोग नाही, पापण्यांतून उजेड आत येतोच. ज्यांना आधी झटके आले आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाहावं.

घरी पाहताना ठेका पोकळ का वाटतो?

किक-ड्रमचा, म्हणजे ठेक्यातल्या जड ठोक्याचा, गाभा 45 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो आणि लॅपटॉपचे स्पीकर 200 हर्ट्झच्या खाली गळपटतात. 'धम' जातो, 'टक' उरतो. बंद कपाचे हेडफोन लावले तरी मोठा फरक पडतो.

दुसरं कारण फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. 5.1 (सहा वाहिन्यांचा) ध्वनी दोन स्पीकरवर उतरवताना बहुतेक यंत्रं तळनादाची स्वतंत्र वाहिनी सरळ टाकून देतात. किकचं वजन त्या वाहिनीत ठेवलं असेल तर ते गेलंच. त्यामुळे दोनच स्पीकर असतील तर सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओ ट्रॅक निवडा, आणि टीव्हीचा 'नाइट मोड' बंद करा. तो मोठे आवाज दाबून सगळं सपाट करतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला असेल आणि सगळंच घुमत असेल तर तो भिंतीपासून थोडा सरकवा.

आवाज चढवताना हिशेब असा : 85 डेसिबलला 8 तास ठीक, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 100ला जेमतेम 15 मिनिटं.

रात्रभराचा कार्यक्रम लावायचा असेल तर क्रम काय ठेवावा?

रात्री साडेअकराला 'युनिव्हर्सल टेक्नो', पाऊण वाजता 'रन लोला रन', सव्वादोनपासून पडदा बंद आणि नाच, मग पहाटे साडेचारला 'व्हिक्टोरिया'. त्याची गोष्टही साधारण त्याच वेळी सुरू होते, त्यामुळे पडद्यावरची पहाट आणि खिडकीतली पहाट एकत्र उजाडतात. खिडक्यांचे पडदे शेवटच्या अर्ध्या तासासाठी उघडे ठेवा. कार्यक्रम घरगुती नसून जाहीर असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. स्ट्रीमिंगची वर्गणी भरली म्हणजे ती मिळाली असं नव्हे.

अर्ध्या तासाहून कमी वेळात काही पाहता येईल का?

मार्क लेकी यांचा 'फिओरुची मेड मी हार्डकोर' (1999), 15 मिनिटं. नॉर्दर्न सोल या जुन्या नाचाच्या लाटेपासून रेव्हपर्यंत नाचणाऱ्या ब्रिटिश पोरांचे मिळेल तिथून गोळा केलेले व्हिडिओ-तुकडे. निवेदन नाही. जवळ तासभर असेल तर जेरेमी डेलर यांचा 'एव्हरीबडी इन द प्लेस' घ्या : शाळकरी मुलांसमोरचं व्याख्यान, ज्यात रेव्हची मुळं खाणकामगारांच्या संपापर्यंत नेली आहेत.

चित्रपटातला एखादा ट्रॅक शोधूनही सापडत नाही. काय करू?

'ब्लेड' (1998) च्या सुरुवातीचं रक्ताच्या कारंज्यांचं दृश्य हे ठरलेलं उदाहरण. श्रेयनामावलीत न्यू ऑर्डर या बँडचं 'कन्फ्यूजन' वाचून लोक 1983चं मूळ गाणं लावतात आणि चक्रावतात. वाजतं ते द पंप पॅनलनं केलेलं त्याचं नवं रूप (रिमिक्स) आहे, 'अॅसिड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किंचाळत्या सिंथेसायझर आवाजाचं, मूळ गाण्याशी नातं सांगण्यापुरतंच. तेव्हा श्रेयनामावलीत गाण्याच्या नावापुढचं रूपाचं नाव आधी वाचा आणि तेच शोधा. ओळखणारी अॅप इथे बऱ्याचदा चकतात, कारण डीजेनं गती चार-सहा टक्क्यांनी बदललेली असते किंवा दोन ट्रॅक एकावर एक असतात. मिसळण सुरू होण्याआधीचा, एकच ट्रॅक वाजणारा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकवून पाहा. बाजारात मिळणाऱ्या ध्वनिपटाच्या अल्बमवर विसंबू नका. हक्क न मिळालेले ट्रॅक त्यातून गाळलेले असतात.